नव्या दवाखान्याचा उतार

"तुम्हाला काही त्रास होणार नाही" असं कुणी म्हटलं, की राजेश्वरी बिराजदारचे हात आपोआप खुर्चीच्या चाकांवर घट्ट होतात. आजवर तिला जो काही त्रास झाला, तो हेच वाक्य ऐकल्यावर झाला. परीक्षेला बसली तेव्हा केंद्र तळमजल्यावर आहे असं सांगितलं होतं, आणि वर्ग निघाला वरच्या मजल्यावर. मामेबहिणीच्या लग्नाचं कार्यालय एकदम सपाट आहे म्हणाले. कार्यालय सपाटच होतं, पण ते होतं उंच ओट्यावर. एका कचेरीत खास अपंगांसाठी उतार केला आहे म्हणून हौसेनं गेली. भाऊ बलभीम मागून सगळं बळ लावून ढकलत होता तरी खुर्ची उलटी खाली येत होती. शेजारी पोरं त्याच उतारावर घसरगुंडी खेळत होती. तेवढ्यांनाच तो उपयोगी होता.

त्यामुळं राजेश्वरी पटकन कशावर विश्वास ठेवत नाही. देवीवर ठेवते. सकाळी खुर्चीत बसल्यावर तुळजाभवानीच्या तसबिरीला हात जोडल्याशिवाय ती चहा घेत नाही. माणसांचं मात्र ती बघून ठरवते.

पाय गेले ते लहानपणीच्या पोलिओत. उमरग्याजवळच्या खेड्यात आईनं तिला कडेवर घेऊन शाळेत नेलं, कडेवर मावेनाशी झाल्यावर पाठीवर नेलं, आणि आई थकल्यावर बलभीमच्या सायकलीच्या कॅरियरला उशी बांधून ती बारावीपर्यंत पोचली. मग बलभीमला उमरग्यात नोकरी लागली, त्याच्याबरोबर तीही आली, आणि डॉक्टर कृष्णराज यांच्या दवाखान्यात नाव लिहून नंबर द्यायच्या टेबलावर बसली. तिथं तिचा संशयी स्वभाव कामाला आला. नंबर आधी मिळावा म्हणून पोट धरून विव्हळणारा खरा कोण आणि नाटकी कोण, हे तिला लगेच कळायचं. "तुमचं पोट आत्ता बाहेर भजी खाताना दुखत नव्हतं का वो?" असं ती शांतपणे विचारायची, आणि माणूस गुमान बाकावर जाऊन बसायचा. डॉक्टर हसायचे. म्हणायचे, राजेश्वरीताई आहेत म्हणून माझ्या दवाखान्यात रांग आहे.

पण त्या जुन्या दवाखान्याला पायऱ्या होत्या. बाजारपेठेतला भाड्याचा गाळा, दारात उंच दगडी पायऱ्या, उतार करायला जागाच नाही. रोज सकाळी ती पायऱ्यांपाशी येऊन थांबायची आणि कंपाउंडर गोरोबा आतून ओरडायचा, "धरा वो जरा, ताईला वर घ्या." मग जो कुणी पेशंटबरोबर आलेला असेल तो एका बाजूनं धरायचा. गोरोबा सरळ माणूस होता. तो खुर्चीचं लोखंड धरायचा. दुसऱ्या बाजूचा रोज वेगळा असायचा. काही जण खुर्ची धरायचे. काही जण खुर्ची धरता धरता तिला धरायचे. वर पोचेपर्यंत ती समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहायची, आणि वर पोचल्यावर त्याच माणसाला म्हणावं लागायचं, लई उपकार झाले दादा. हे तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. बलभीमला सांगितलं असतं तर त्यानं कुणाचं तरी डोकं फोडलं असतं नाहीतर तिची नोकरी बंद केली असती. दोन्ही तिला नको होतं.

म्हणून डॉक्टर हायवेच्या बाजूला स्वतःचा दवाखाना बांधायला निघाले, तेव्हा बाकीच्यांनी विचारलं खोल्या किती, एक्स-रे असणार का. राजेश्वरीनं एकच विचारलं, दारात पायऱ्या आहेत का. डॉक्टर म्हणाले, "उतार आहे, ताई. आणि आता काय पूर्वीसारखं नाही. नकाशा संगणकच तपासतो. तुम्हाला काही त्रास होणार नाही."

झालं. तिचे हात चाकांवर गेले.

संगणक तपासतो म्हणजे कोण तपासतं, हे तिला कळेना. संगणकासमोर कुणीतरी बसलेलं असणारच. तो कुणाचा तरी भाचा असणार. नकाशावर उतार लांब काढायचा आणि जागेवर आखूड करायचा, मग उरलेल्या जागेत डॉक्टरांची गाडी लावायची. असं सगळं तिनं मनात रचून ठेवलं. इंजिनियर कुमार हा तरणा पोरगा दवाखान्यात डॉक्टरांना भेटायला आला, तेव्हा तिनं त्याला नंबर लावून बसवला आणि त्याची पाळी यायच्या आत सगळं विचारून घेतलं.

कुमारनं मांडीवरचा लॅपटॉप उघडून तिच्याकडं फिरवला. नकाशा यात टाकला की हा प्रोग्राम उताराची लांबी, दाराची रुंदी, संडासात खुर्ची वळायला जागा, कठड्याची उंची सगळं नियमाबरोबर ताडून बघतो, चुकलं तिथं लाल करतो, असं त्यानं सांगितलं. त्याचा पहिला नकाशा लालेलाल झाला होता. उतार उभा पडत होता. जिना सरकवून, वळण घेऊन त्यानं तो पुन्हा काढला. मग हिरवं आलं. पूर्वी नगरपालिकेतले साहेब नकाशावर नुसती नजर टाकायचे, याची नजर चुकवता येत नाही, असं तो अभिमानानं म्हणाला.

"याला नकाशा कोण दाखवतं?" राजेश्वरीनं विचारलं.

"मीच."

"आणि बांधकाम?"

"फोटो जोडावे लागतात शेवटी. दाराचे, उताराचे."

"फोटो कोण काढतं?"

कुमारनं लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "ताई, तुम्ही नंबर देता का उलटतपासणी घेता?"

ती हसली नाही. पुढचा नंबर पुकारला.

नवा दवाखाना तिच्या घराच्या वाटेवरच होता. बांधकाम चालू असताना ती घरी जाताना रोज तिथं थांबायची. उताराचं काँक्रीट झालं, आणि तिनं मिस्त्री हणमंतप्पाला सांगितलं की मला एकदा चढून बघू दे. हणमंतप्पा म्हणाला, इंजिनियरसाहेबांनी सांगितलंय, कठडा बसल्याशिवाय खुर्ची चढवायची न्हाय, बाजूनं खाली गेली तर कोण जबाबदार. बोलणं बरोबर होतं. पण बरोबर बोलणाऱ्यांनीच तिला आजवर फसवलं होतं. चढू का देत नाहीत? काहीतरी झाकायचं असल्याशिवाय कोण अडवतं?

मंगळवारच्या बाजारातून येताना तिच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत लिंबं होती. कामगार हातपाय धुवायला मागं गेले होते. तिच्या मनात आलं, आपण चढू शकत नाही तर नको, लिंबू तर चढंल. तिनं एक लिंबू उतारावर वर फेकलं आणि ते परत कसं येतं ते बघत बसली. त्या कचेरीच्या उतारावर तिच्या हातातून निसटलेला पाण्याचा डबा बंदुकीच्या गोळीसारखा गेला होता. हे लिंबू मात्र सावकाश, मध्येच रेंगाळत आलं. तिला ते खरं वाटेना. दुसरं टाकलं. तेही तसंच. मग वाटलं, एखाद्या ठिकाणी खळगा असेल म्हणून हळू येत असेल. वेगवेगळ्या बाजूंनी टाकून बघितली. दोन वर वळणावरच अडकली, एक बाजूच्या वाळूत गेलं. तिला उचलता येणार नव्हती. राहू देत म्हणाली आणि घरी गेली. पुढच्या काही दिवसांत तिनं पुन्हा तसंच केलं, कारण एकदा बरोबर आलं म्हणजे नेहमी बरोबर येईल असं थोडंच आहे.

त्यानंतर कामगारांचं वागणं बदलल्यासारखं तिला वाटलं. ती आली की बोलणं थांबायचं. हणमंतप्पा नजर चुकवायचा. उतारावर एक दिवस तिला मीठ सांडलेलं दिसलं, दाराच्या चौकटीला काळा दोरा दिसला. तिनं मनाशी म्हटलं, यांनी कामात काहीतरी घाण केली आहे, म्हणून हे लपतात. कुमारला फोन करून सांगितलं की तुझा मिस्त्री मला काही ठीक दिसत नाही. कुमार म्हणाला, ताई, मी स्वतः पट्टी लावून उतार मोजलाय, फोटो टाकलेत, सगळं हिरवं आलंय. तिनं फोन ठेवला. हिरवं आलंय. हिरवं काय, सापही असतो.

उद्घाटनाच्या दिवशी ती अबोली रंगाची साडी नेसून गेली. मांडव होता, सनई लावली होती, केळीचे खुंट होते. मोतीचुराचा वास येत होता. बलभीम मागून ढकलायला लागला तेव्हा तिनं त्याला हात मागं घ्यायला सांगितलं. उताराच्या पायथ्याशी थांबून वर बघितलं. मग चाकं फिरवली.

खुर्ची वर निघाली. ती प्रत्येक ढकलीला थांबून बघत होती की आता मागं येते का, पण मागं येत नव्हती. दंडांना ताण पडत होता, पण तो तिचा स्वतःचा ताण होता. वळणावर सपाट जागा होती, तिथं दम घेता आला. कुणाचा हात पाठीवर नव्हता, कुणाचा दंडावर नव्हता. तिला रडू येतंय की काय असं वाटलं, म्हणून तिनं कठड्याचा रंग कुठं उडालाय का ते बघायला सुरुवात केली. उडाला नव्हता. ती वर पोचली, वळली, आणि पुढची छोटी चाकं दारात ठक्कन आपटली.

दारात काळ्या दगडाचा उंबरा होता. चांगला चार बोटं उंच, घडीव, हळदीकुंकवानं माखलेला, दोन्ही बाजूंना झेंडूची फुलं, समोर रांगोळी.

आतून गोरोबाचा आवाज आला, "धरा वो जरा, ताईला आत घ्या." मांडवातले दोन पाहुणे बाह्या सावरत पुढं झाले.

"कुणी हात लावायचा नाही," राजेश्वरी म्हणाली. तिचा आवाज इतका वर गेला की सनईची टेप कुणीतरी बारीक केली. तिनं कुमारला हाक मारली, आणि सगळ्यांसमोर त्याला जे बोलायचं ते बोलली. खोटारडा म्हणाली. चित्रावर हिरवं दाखवून अपंग माणसाला दारात उभं करतोस म्हणाली. कुमार सोलापूरहून नात्यातलं लग्न उरकून थेट आलेला, अजून बॅग खांद्यालाच होती. उंबऱ्याकडं बघून त्याचं तोंड उतरलं.

"ताई, देवाशपथ सांगतो, हा माझ्या नकाशात नाही." त्यानं फोन काढून दारात काढलेला फोटो दाखवला. फोटोत दार होतं, फरशी आत-बाहेर एका पातळीवर होती, उंबरा नव्हता. "मी सोलापूरला गेलो तेव्हा नव्हता हा."

"मग तुझ्या संगणकाला दिसला नाही का?"

"त्याला दाखवलं तेवढंच दिसतं, ताई. आणि उंबरा नकाशात काढतंय कोण आपल्यात? तो घरची माणसं मागाहून बसवतात."

हे खरं होतं. तिच्या स्वतःच्या घरी गवंड्यांनी घर बांधलं आणि उंबरा आईनं मुहूर्त बघून बसवला होता. बलभीमनं त्यावर लाकडाची फळी टाकून ठेवली आहे. रोज फळीवरून जाताना तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं की नव्या दवाखान्यालाही दार असणार आहे.

डॉक्टर खजील झाले होते. त्यांनाही सकाळीच कळलं होतं. प्रमुख पाहुणे ताटकळले होते. फीत कापली गेली, माणसं उंबऱ्याला हात लावून, तो ओलांडून आत गेली. राजेश्वरी बाहेर, उताराच्या वरच्या टोकाला बसून राहिली. डॉक्टर दोनदा येऊन विनवून गेले. ती म्हणाली, साहेब, मी रागावलेली नाही, पण उचलून घेऊन मी आत येणार नाही.

दुपारी पंगत आत बसली तेव्हा डॉक्टरांच्या आई, द्वारकाबाई, दोन ताटं घेऊन बाहेर आल्या. गुडघे धरून खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसल्या. जुन्या दवाखान्यात दर गुरुवारी देवापुढं दिवा लावायला त्या यायच्या, राजेश्वरीला राजू म्हणायच्या.

"उंबरा म्या बसवला," त्या म्हणाल्या. "कृष्णाला विचारलं न्हाय. बिनउंबऱ्याचं दार बघून माझा जीव आधीच थाऱ्यावर नव्हता. त्यात हणमंतप्पा घरी आला, म्हणला, आक्का, कुणीतरी वाईटावर हाय. दर दोन दिसाला दारात लिंबं टाकतंय. बाया काम सोडून गेल्या. कृष्णाला सांगितलं असतं तर हसला असता. मग काल राती बसवला, चांगला उंच, मंतरून. जे काय यायचं ते भाईर राहावं म्हणून."

राजेश्वरीचा घास हातातच राहिला. मीठ, काळा दोरा, हणमंतप्पाची चुकवलेली नजर, सगळं तिच्यापुढून सरकत गेलं. तिनं घास ताटात ठेवला.

"आक्का," ती म्हणाली, "ती लिंबं माझी होती."

मग उतार तपासण्याची सगळी हकीकत तिनं सांगितली. द्वारकाबाईंना आधी ते कळेना. लिंबानं कुणी रस्ता मोजतं का? मग कळलं, आणि त्यांचा चेहरा कडक झाला. "येडी का खुळी तू? मला यिऊन इचारायचं हुतंस."

"तुम्ही तरी उंबरा घालताना मला कुठं विचारलं?"

द्वारकाबाईंनी आपल्या ताटातला लाडू उचलून तिच्या ताटात ठेवला. आतून पंगतीचा गलका येत होता. मग त्या नरमाईनं म्हणाल्या, मग आता दोघींचीबी चूक झाली. पुजलेला उंबरा उखडता येत न्हाय, रोज दोघं धरतील तुला, जुन्या जागी धरत हुतेच की.

"तेच नको आहे, आक्का."

"का गं? एवढं काय त्यात?"

राजेश्वरीनं दाराकडं बघितलं, कुणी येत नाही ना ते पाहिलं, आणि आईला न सांगितलेलं तिनं द्वारकाबाईंना सांगितलं. चार वाक्यांत सांगितलं, जास्त नाही. नाव कुणाचं घेतलं नाही. नावं तिला माहीतही नव्हती. शेवटी म्हणाली, "आणि वर गेल्यावर मलाच त्याचे उपकार मानावे लागतात."

द्वारकाबाई ऐकत होत्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. मग कठडा धरून उठल्या आणि आत जाऊन जेवणाऱ्या हणमंतप्पाला पानावरून उठवू नये एवढं भान ठेवून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. त्याचं जेवण झाल्यावर त्याला घेऊनच बाहेर आल्या.

"फरशी खोदायची आणि उंबरा खाली बसवायचा, फरशीबरोबर," त्या म्हणाल्या. "वर सूतभर दिसला न्हाय पायजे."

हणमंतप्पा घाबरला. पुजलेला दगड हलवायचा म्हणजे, आक्का, आणि ती लिंबं...

"लिंबं हिची हायेत. दाराशी बसलीय बघ करणी करणारीण, जेवायलीय." हणमंतप्पानं राजेश्वरीकडं बघितलं, ती खाली बघत भाताचा गोळा करत होती. तो काय समजायचं ते समजला का, देव जाणे. द्वारकाबाईंनी उंबरा मंतरून दिलेल्या स्वामींना फोन लावून विचारलं. स्वामी म्हणाले, आधी नारळ ठेवा, दगडाची क्षमा मागा, बसवल्यावर पुन्हा हळदकुंकू वाहा, उंबरा उंबराच राहतो. "देवाला काय, त्यो जमिनीबरोबर बसंल," फोन ठेवून द्वारकाबाई आपल्याशीच म्हणाल्या.

पाहुणे पांगल्यावर काम झालं. दगड निघेपर्यंत राजेश्वरी तिथंच होती. क्षमेचा नारळ दोघींनी मिळून ठेवला. सिमेंटचा माल ओला होता म्हणून त्या दिवशी आत जाता आलं नाही. निघताना तिनं कुमारला हाक मारली. चारचौघांत बोलली होती, तेव्हा चारचौघांतच बोलावं म्हणून मांडव सोडायला आलेल्या माणसांसमोर म्हणाली, की तू खोटं बोलला नव्हतास, माझं चुकलं. कुमार लाजला. म्हणाला, तो प्रोग्राम बनवणाऱ्यांना मी कळवतो, मागाहून उंबरा बसवणार का हे आधीच विचारा म्हणून. कळवलंही त्यानं, पण तिकडच्या माणसांनी उलट विचारलं की हा उंबरा म्हणजे पायरी धरायची का भिंत. त्याच्यावर त्यांचं अजून चाललंय.

माल वाळल्यावर सकाळी दवाखाना उघडायच्या वेळेला राजेश्वरी उतारावरून वर गेली. दारात थांबून तिनं वाकून, हात पुरेल तिथवर, दगडाला बोट लावलं, कुंकू कपाळाला टेकवलं आणि चाकं पुढं ढकलली. टायरखाली थोडीशी खरखर झाली, बस. ती आत होती. आत कुणी नव्हतं, गोरोबाही आला नव्हता. तिनं खुर्ची वळवली, बाहेर गेली, परत आत आली. मग आणखी एकदा बाहेर जाऊन आली.

तिसऱ्या खेपेला कुमार उतारावरून येताना दिसला. कठड्याला टेकून बघत होता. "बसला का आता विश्वास, ताई?"

"फरशी ओली झाल्यावर बघू," राजेश्वरी म्हणाली, आणि टेबलामागं जाऊन तिनं पहिला नंबर पुकारायची तयारी केली.